प्री-वेडिंग छायाचित्रणासाठी कासची फुले तुडवू नयेत

महोदय,

महाबळेश्वर-पाचगणीच्या रिसॉर्टांत मेंदी, हळद, संगीत आणि लग्न असे तीन-चार दिवसांचे सोहळे आता सर्रास होतात व त्यांना जोडून निसर्गरम्य प्री-वेडिंग शूट हवेच, असा आग्रह असतो. लग्नाची छायाचित्रे काढणे हाच माझा व्यवसाय असल्याने या हौसेला माझा विरोध नाही. परंतु सप्टेंबरात कास पठार बहरले, की वधू-वरांना थेट फुलांत बसवून, पायघोळ गाऊनचा घेर पसरून छायाचित्रे काढण्याची मागणी होते, ती आम्ही छायाचित्रकारांनीच नाकारली पाहिजे.

तिथल्या जांभ्या कातळावर मातीचा थर अनेक ठिकाणी जेमतेम बोटभर असतो. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू यांसारख्या चिमुकल्या वनस्पती एवढ्याशा मातीत पावसाळ्यापुरत्या उगवतात, फुलतात आणि बी धरतात. बी धरण्याआधीच त्या गाऊनखाली चिरडल्या, तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या पठाराची एवढी तरी बूज राखली जावी.

जोडप्याला वाटेवरच उभे करून लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपले, तर मागची फुले दाट गालिच्यासारखी दिसतात आणि एकही रोप मोडत नाही. शिवाय हे काम हळदीच्या धावपळीत न कोंबता आधीच उरकावे, म्हणजे दमलेले चेहरे टिपावे लागत नाहीत. रिसॉर्टचालकांनी ‘फुलांत शिरून छायाचित्रण नाही’ ही अट आपल्या लग्नाच्या पॅकेजमध्येच लिहावी, अशी विनंती आहे.

– एक छायाचित्रकार, सातारा