पाळणाघरातल्या मावशींना, मनापासून थँक्यू

मावशी, नमस्कार.

तुमची सून म्हणाली ती तुम्हाला हे वाचून दाखवेल, म्हणून इथे उघडच लिहिते, त्रिमूर्ती नगरात काय आणि बाहेर काय, "अजून डायपरच लावता का?" हे ऐकून ऐकून कंटाळलेल्या खूप आया असतील, त्यांच्याही हाती लागेल.

आमच्या पोट्ट्याला जूनमध्ये नर्सरीत टाकायचं होतं आणि तिथून सांगितलं की डायपर सुटल्याशिवाय घेणार नाही. अडीच वर्षांचं लेकरू ते! त्यात नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, पाणी कितीही पाजा कमीच पडतं, त्याची शी कडक झाली, एकदा दुखलं आणि मग तो पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभा राहायला लागला, चेहरा लालबुंद, घामाघूम. घरात सगळ्यांना वाटे तो जोर लावून राहिला. तुम्ही बघितलं आणि म्हणालात, "करून नाही राहिला बाप्पा, धरून राहिला."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, शी जितकी आत थांबते तितकं आतडं त्यातलं पाणी शोषतं, ती आणखी कडक होते, आणखी दुखते आणि मूल आणखी धरतं, म्हणून आधी पोट मऊ करा, पॉटीचं मग बघू. औषध त्यांनी दिलं, पण दिवसभर घोट घोट पाणी पाजणं, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, हे सगळं तुम्ही केलं, इतर पोरांचं सांभाळून केलं.

आणि तो पाट! कमोडवर छोटी सीट लावून बसवलं की त्याचे पाय लोंबकळायचे आणि तो दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून रडायचा. तुम्ही एवढंच विचारलं, "पाय कुठं टेकतात त्याचे?" आणि घरून जुना लाकडी पाट आणून पायाखाली सरकवला. पाय टेकले, गुडघे कमरेच्या जरा वर आले की शी सुटायला सोपं जातं, आपल्या आज्या बाळाला स्वतःच्या दोन पायांवर बसवायच्या तेव्हाही तसंच व्हायचं नं. फ्लश मात्र तो बाहेर गेल्यावरच करायचा, त्या आवाजाला तो दचकायचा हेही तुमच्याच लक्षात आलं. पोटात जेवण गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवणानंतर थोड्या वेळाने पाच मिनिटं बसवायचं, झाली तर झाली, नाही तर उठून खेळायला जा.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते तुमच्या बोलण्याचे. पावसात चड्ड्या वाळत नव्हत्या तेव्हासुद्धा तुम्ही कधी नाक मुरडलं नाही, "शी शी, घाण" हा शब्द नाही, "बघ ती पोट्टी कशी सांगते" हेही नाही. "ओली झाली तं झाली, चाल बदलू," आणि ओली चड्डी बादलीत टाकायचं काम त्याचं. ज्या दिवशी तो स्वतःहून तुमचा पदर ओढून "मावशी, शी" म्हणाला त्या दिवशी तुम्ही चॉकलेट नाही दिलं, त्याला म्हणालात, "तुला आली हे तुला समजलं, आणि तू मला सांगितलं!" घरी येऊन तो तेच वाक्य बाबाला, आजीला, फोनवर आत्याला सांगत होता. माझ्या मते पोराला एवढंच पाहिजे असतं, आपलं शरीर आपल्याला कळतं हा विश्वास.

रात्रीचं डायपर अजून आहे आणि असू द्या, पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं नॉर्मल असतं असं डॉक्टर म्हणाले, त्याची घाई मी कोणालाच करू देणार नाही.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे आमच्याकडच्या लहान पोरांच्या पोळ्याला, तो त्याचा लाकडी बैल घेऊन तुमच्या दारात येणार आहे, बोजारा (पोरांच्या हातावर ठेवायचा खाऊ-पैसा) तयार ठेवा. आणि मावशी, त्या दिवशी तुमच्यासाठी साडी आणते, नाही म्हणू नका.

तुमच्या पोट्ट्याची आई