दत्त्याला, वहीसोबत

केज, 22 जून 2025

प्रिय दत्त्या,

आठ महिने फोन नाही आणि आता एकदम पार्सल. रागावू नकोस. इकडे सगळे बरे, माझी शुगर आटोक्यात.

विषय मनीषाचा आहे. दिवाळीला तू आलास तेव्हा चकल्या तळत बसली होती, तीच. आईबाप ऊसतोडीला, ही आजीजवळ राहून बारावी झाली. बोर्डाला फिजिक्समध्ये 91! आणि 14 जूनला मेडिकलच्या नीटचा निकाल, 720 पैकी 352. बायोलॉजी 262, फिजिक्स 19.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन घरी आली. रडली नाही. म्हणाली, "सर, गणितं येत होती. पायरी-पायरीनं सोडवत बसले अन् वेळ गेला. लातूरच्या पोरी म्हणत होत्या, पर्याय बघूनच दोन उत्तरं उडवता येतात. आपण ते केलंच नव्हतं ना?"

नव्हतं केलं. 180 मिनिटांत 180 प्रश्न, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर स्वतःच्या पोराला लातूरला तुझ्या क्लासला धाडलं. त्याची फी निम्मी झाली ती तुझ्या शब्दावर. मावशीच्या मेसमध्ये मी तुला "विद्या विकतोस" म्हणालो होतो, तू ताट ढकलून उठला होतास. त्याची एकदाही आठवण करून दिली नाहीस. (त्या दिवशी तुझ्या वाटीतलं श्रीखंड मीच खाल्लं. आज कबूल.) पोराला धाडलं तेव्हा मनीषा माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर होती, दत्त्या. तिच्यासाठीही एक शब्द टाकता आला असता. मला माझं पोरगं तेवढं दिसलं. त्याला 518 आले, घरात पेढे आले, माझ्या घशाखाली उतरेनात.

2020 मध्ये मेडिकलच्या 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच पोरांना ठेवणारा 70:30 चा कोटा गेला तेव्हा आपण किती खूश होतो! मराठवाड्याच्या पोरांना पुण्या-मुंबईची दारं उघडली म्हणून. उघडली ती लातूरला दोन वर्षं राहण्याची ऐपत असणाऱ्यांना. गेल्या वर्षापासून 8 लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, चांगलंच झालं. पण ती प्रवेश मिळाल्यावर. त्याआधीचा क्लास, होस्टेल, टेस्ट सिरीज कोण माफ करणार?

बापानं स्थळ बघितलंय. लग्न झालं की ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादम आगाऊ उचल देतो. बाप वाईट नाही रे, मागचीच उचल फिटलेली नाही. एक वर्ष थांबायला मी त्याला कसंबसं तयार केलंय, पण क्लासमधली जागा पक्की झाल्याशिवाय तो ऐकणार नाही.

पुन्हा नीट देणाऱ्यांच्या तुझ्या रिपीटर बॅचला तिला घे. माझ्या पोराला जेवढी सूट मिळाली तेवढी रक्कम मी हप्त्यानं भरतो, ती तिच्या नावावर टाक. राहायचं माझ्या मेव्हणीकडे, औसा रोडला, ठरलंय.

वास्तुशांतीला येता आलं नाही, वहिनींना सांग. आबांचं मोतीबिंदूचं झालं का?

वहीचं 41 वं पान उघड. प्रोजेक्टाइलचं गणित तिनं तीन रीतींनी सोडवलंय, तिसरी मी शिकवलेली नाही. ते बघ आणि रात्री नऊनंतर फोन कर, मी जागा असेन.

तुझा,
बाळू