त्या रिक्षावाल्या काकांचे आणि मावशींचे आभार

गेल्या आठवड्यात आमच्या रोटरी क्लबात प्रांतपालांची, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या रोटरी क्लबांच्या प्रमुखांची, अधिकृत भेट होती. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि त्या वर्षात प्रांतपाल प्रत्येक क्लबाला एकदा भेट देतात. म्हणजे सचिवाची वार्षिक परीक्षाच. आणि सचिव मी!

भर पावसात सात रस्त्याला रिक्षातून उतरलो, पैसे दिले, सभागृहात शिरलो आणि पोटात गोळाच आला. पिशवी रिक्षातच राहिली होती. पाहुण्यांसाठीची सोलापुरी चादर, सभेची घंटा, वर्षभराच्या कामाचा अहवाल, सगळं त्यात. रिक्षाचा नंबर कोण बघतो?

सभेला दहा मिनिटं असताना एक काका दारात उभे. पूर्ण भिजलेले. स्वतःचा रेनकोट त्यांनी पिशवीवर गुंडाळला होता. पुढच्या प्रवासी मावशींना पिशवी दिसली, त्यांनी आतली निमंत्रणपत्रिका वाचून पत्ता सांगितला आणि "आधी हे पोचवा, माझं नंतर बघू," म्हणून रिक्षा वळवायला लावली. त्या खाली रिक्षातच बसून होत्या.

पैसे पुढे केले तर काका म्हणाले, "राहू द्या की ओ साहेब, चादर कोरडी हाय का तेवढं बघा."

चादर कोरडी होती. घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. प्रांतपालांच्या खांद्यावर ती घालताना माझे हात मात्र अजून थरथरत होते.

गडबडीत चहाचंही विचारलं नाही, नाव तर दूरच. काका, मावशी, मनापासून आभार. आणि काका, तुमचा रेनकोट माझ्याकडेच राहिलाय.