प्लॅन वाढवण्याआधी टीव्हीच्या मागे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंटरनेट स्लो झालं की राउटर कुठे ठेवा, कुठला घ्या यावर नेहमी काही ना काही छापून येतं, पण त्या राउटरपर्यंत जी काळी जाड वायर येते तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या तरी बघण्यात नाहीत. ज्यांच्याकडे फायबर आलंय त्यांनी हे पत्र सोडून दिलं तरी चालेल, पण केबलच्या एकाच वायरवर टीव्ही आणि नेट दोन्ही चालवणारी घरं अजून भरपूर आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय.

आमच्याकडे सात-आठ महिने तमाशा चालू होता. संध्याकाळी टीव्हीवर चित्राचे चौकोन व्हायचे, आणि व्हिडिओ कॉलवर गंमत अशी की समोरच्याचं मला ऐकू यायचं पण माझाच आवाज तिकडे तुटक जायचा. आधी राउटर बदलला, मग प्लॅन वाढवला, फरक शून्य, आणि कस्टमर केअरला फोन केला की मोडेम बंद करून चालू करा, बस्स. शेवटी एका रविवारी वैतागून टीव्हीचं कपाट ओढलं तर मागे आठ तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका वायरच्या अनेक वायरी करणारी डबी, त्यातली तीन वापरात, पाच उघडी, आणि त्या तिनातल्या एकावर परत दोन तोंडांचा स्प्लिटर लावून त्यातून मोडेमला वायर दिलेली! कधी, कुणी लावलं देव जाणे.

स्प्लिटर सिग्नल फक्त वाटतो हो, वाढवत नाही. दोन तोंडांचा असला की प्रत्येक तोंडावर साधारण ३.५ डीबी (डेसिबल, सिग्नल मोजायचं माप) कमी होतात, चारचा असला की ७, आठचा असला की ११ च्या आसपास, आणि ३ डीबी कमी म्हणजे सिग्नल निम्मा. रिकाम्या तोंडांचा वाटा बाकीच्यांना मिळतो असंही नाही, तो वायाच जातो. म्हणजे आमच्या मोडेमला ११ आणि ३.५ मिळून १४.५ डीबीचा फटका, घरात आलेल्या सिग्नलचा जेमतेम अठ्ठाविसावा हिस्सा. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या सिग्नलचं पण तेच, मोडेमला तितकंच जास्त ओरडावं लागतं, आणि त्याच्या ओरडण्याला मर्यादा आहे, माझा आवाज का तुटायचा ते तेव्हा कळलं.

हे आकडे बघताही येतात, बऱ्याच केबल मोडेममध्ये ब्राउझरला १९२.१६८.१००.१ टाकलं की पान उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर (घरात येणारा सिग्नल) -७ ते +७ मध्ये असली की चांगलं, अपस्ट्रीम (मोडेम बाहेर पाठवतो तो) ५० च्या वर गेली की मोडेम दमलाय समजायचं. आमचे होते -१३ आणि ५३. मी केलं एवढंच की वायर घरात शिरते तिथे दोनाचा स्प्लिटर, त्याचं एक तोंड सरळ मोडेमला, दुसऱ्यावर सगळे टीव्ही. आकडे आले -२ आणि ४२ वर. नवा राउटर उगाच घेतला असं आता घरचे रोज ऐकवतात, ते वेगळं.

टीव्हीचे चौकोन मात्र तेवढ्याने गेले नाहीत, ते पिनेमुळे, म्हणजे वायरच्या टोकाला असलेल्या जोडामुळे होते. पीळ देऊन बसवलेली पिन कालांतराने सैल होते, वायरच्या आतल्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकते, आणि बाहेरच्या जोडात पाणी शिरलं की गंज ठरलेला. दाबून बसवायची कॉम्प्रेशन पिन घ्या, मधली तार पिनेच्या बाहेर साधारण ३ मिमी दिसली पाहिजे. वायर जुनी आरजी-५९ असेल (वायरवर छापलेलं असतं) तर बदलून जास्त चांगली आरजी-६ टाका, आणि ती कपाटामागे काटकोनात दुमडू नका. स्प्लिटरच्या उघड्या तोंडांवर ७५ ओहमची टोपणं लावायची. बूस्टरच्या नादी लगेच लागू नका, कारण तो सिग्नलबरोबर कचरा पण मोठा करतो, लावायचाच तर स्प्लिटरच्या आधी, आणि मोडेमच्या बाहेर जाणाऱ्या सिग्नलला परतीचा रस्ता असलेला. गच्चीवर डिशची छत्री असलेल्यांचं गणित निराळं, तिथे वायरमधून छत्रीला करंट पण जातो आणि फ्रिक्वेन्सी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ, त्यामुळे केबलचा साधा स्प्लिटर तिथे उपयोगाचा नाही.

आणि हा प्रश्न आपल्या घरापुरता नाही म्हणून तर पेपरला लिहितेय. सैल जोड अँटेनासारखा बाहेरचा गोंगाट आत ओढतो, आणि जाताना सगळ्या घरांची वायर पुढे एकाच लाइनला मिळते, त्यामुळे एका घरातला गोंगाट आख्ख्या गल्लीच्या अपलोडमध्ये मिसळतो. तुमची पिन चकाचक असली तरी चार घरं सोडून कुणाची लोंबकळत असेल तर भोगायचं तुम्हीच! म्हणून कंपन्यांनी कनेक्शन देताना मोडेम ठेवून पळ काढण्यापेक्षा मीटर लावून आतली लाइन तपासावी आणि तो आकडा ग्राहकाला बिलावर नाहीतर निदान साध्या कागदावर लिहून द्यावा, म्हणजे उद्या तक्रार करताना आपल्या हातात सांगायला काहीतरी असेल.

आपली,
एक नियमित वाचक