बॅटरी धरणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी मानपाड्याच्या सिग्नलपासून पातलीपाड्यापर्यंत गाडी रांगतच आली. एसी चालू, रेडिएटरचा पंखा जोरात, बॉनेटखाली भट्टी पेटलेली. आणि आरपीएमचा काटा ८०० च्या जरा वर जो थांबला, तो घर येईपर्यंत हलला नाही. याच रस्त्यावर गेले ८ महिने तो ६०० ते ११०० असे झोके घ्यायचा आणि पुढची रिक्षा थांबली की इंजिन आता बंद पडतं की मग, अशी धाकधूक असायची. गाडी पार्किंगमध्ये लावली, चावी काढली आणि तशीच बसून राहिले. तुम्हाला फोन करायला धीर होईना, गळा भरून आला होता. म्हणून लिहिते आहे.

नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहीत. पण गाडी बरी केलीत त्याचे आभार उघडच मानणार.

तुमच्याआधी गाडी जिथे नेत होते त्या गॅरेजबद्दल एकदाच लिहिते आणि विषय सोडते. २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, २० व्हॉल्व्हची, १५ वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या बिघाडाचा दिवा लागला म्हणून तिथे नेली, तर आधी एअर फ्लो सेन्सर बदलला. मग ऑक्सिजन सेन्सर. मग पेट्रोल पंपाचं एस्टिमेट दिलं. शेवटी ‘ईसीएम गेलाय’, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच, असं म्हणाले. दर वेळी कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून गाडी हातात द्यायचे आणि चौथ्या दिवशी दिवा परत हजर. काढलेला पार्ट मागितला तर ‘टाकून दिला, मॅडम’. मी स्कॅनरवरून वहीत लिहून नेलेले आकडे त्यांनी वाचलेसुद्धा नाहीत. ‘साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो’ म्हणाले. राग पैशांचा नाही. काय बिघडलंय हे मालकाला दाखवावं लागतं, हेच त्यांच्या गावी नव्हतं.

तुम्ही तीच वही मागून घेतलीत. चष्मा कपाळावरून खाली ओढलात आणि पहिलं काय विचारलंत, तर “ताई, हे आकडे इंजिन गरम झाल्यावर घेतलेत की गार असताना?” आठ महिन्यांत मला कोणी विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न.

ज्यांच्याकडे अशी जुनी टर्बो गाडी आहे त्यांच्यासाठी ते आकडे इथे लिहिते, कारण सगळा निकाल तिथेच लागला होता. स्कॅनरमध्ये ब्लॉक ०३२ उघडला की दोन टक्केवाऱ्या दिसतात. पहिली आयडलची, म्हणजे गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू असतानाची, दुसरी गाडी भाराखाली चालतानाची. कॉम्प्युटर स्वतःच्या हिशेबापेक्षा किती पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते त्यातून कळतं. माझ्या वहीत आयडलला अधिक ९ होतं आणि चालताना अधिक २. तुम्ही दोन्हींवर पेन्सिलीने गोल केलात आणि म्हणालात, “सेन्सर गेला असता तर उलटं दिसलं असतं.”

खरंच आहे. एअर फ्लो सेन्सर कमी मोजायला लागला की हवा जितकी जास्त, तितकी चूक मोठी, म्हणजे दुसरा आकडा चढायला हवा. पंप कमजोर झाला तरी तसंच. उलट कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत असेल तर ती आयडलला टोचते. आयडलला हे इंजिन सेकंदाला जेमतेम ३ ग्रॅम हवा घेतं. त्यात पाव-अर्धा ग्रॅम चोरवाटेने आला तरी मिश्रण बिघडतं. पूर्ण जोरात तेच इंजिन ११०-१२० ग्रॅम ओढतं, तिथे अर्धा ग्रॅम कुणाच्या खिजगणतीत नाही.

पण मग पेट्रोलचा वास का यायचा? गॅरेजवाल्यांना हेच कोडं सुटलं नव्हतं. कोड सांगतो गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालते, आणि पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर. दोन्ही एकाच वेळी कसं? म्हणून ते एकदा एक पार्ट बदलायचे, एकदा दुसरा. तुम्ही वहीच्या कोपऱ्यात पाइपचं एक वेडंवाकडं चित्र काढलंत. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, आयडलला व्हॅक्यूम असतो, तेव्हा चिरेतून हवा आत ओढली जाते: लीन. टर्बोने दाब धरला की त्याच चिरेतून हवा बाहेर फेकली जाते. ती सेन्सरने आधीच मोजलेली असते, तिच्या हिशेबाने पेट्रोल सुटलेलं असतं, पण सिलिंडरमध्ये पोचते कमी: रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि बूस्टही, म्हणजे टर्बोचा दाबही, अपुरा. चीर एकच, फक्त वाऱ्याची दिशा बदलते. ते चित्र मी फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

रविवारी सकाळी सातला तुम्ही आलात. सोसायटीच्या टाइल्सवर तेलाचा थेंब नको म्हणून जुना फ्लेक्स गाडीखाली अंथरलात, तोही घरून आणलेला. इनटेकच्या रबरी पाइपच्या तोंडाला पीव्हीसीचं एंड कॅप, त्याला भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, आणि पायाने मारायचा पंप. दाब ०.५ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर चांगली सीलं उचकटतात, हे तुम्ही दोनदा बजावलंत. वरच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. कुठेच बुडबुडा नाही. पण मॅनिफोल्डच्या पोटाखालून बारीक ‘सूं’ ऐकू येत होतं.

तिथे ब्रीदरचे पाइप असतात. इंजिनातली वाफ आणि तेलाचा धूर परत इनटेकमध्ये नेणारे. वरून दिसत नाहीत, खालून हात पोचत नाही. तुमचा पंजा मनगटाशीच अडकला. दुसऱ्या कोणी मॅनिफोल्ड खोलायला घेतला असता. तुम्ही हात बाहेर काढून पुसलात आणि म्हणालात, “ताई, तुमचा हात बारीक आहे. हात तुम्ही घाला, बॅटरी मी धरतो.”

काका, वर्कशॉपमध्ये बॅटरी धरणं हे सर्वांत नव्या पोराचं काम. वागळे इस्टेटमध्ये आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलेला माणूस फेंडरवर कोपर टेकून, वाकून, वीस मिनिटं माझ्यासाठी उजेड धरून उभा होता. मधेच वॉचमन काही विचारायला आला, तुम्ही त्याच्याकडे मानही वळवली नाहीत, उजेड हलेल म्हणून. मी चाचपडत होते, “डावीकडे, अजून खाली, आता बोट वाकवा” एवढंच तुम्ही बोललात. आणि मग बोटाला गार हवेची फुंकर लागली. त्याखाली रबर, तेलाने भिजून मऊ पडलेलं, पाण्यात राहिलेल्या चामड्यासारखं. एल आकाराच्या वळणाच्या पोटात नखाएवढी चीर. दाबली की ‘सूं’ बंद. बोट काढलं की सुरू.

“लागली?” तुम्ही विचारलंत.

“लागली.”

मग तुम्ही काडीवरचा छोटा आरसा आत सरकवलात, मला डोळ्यांनीही दिसावी म्हणून. दुरुस्ती त्यानंतर झाली. पण माझं काम तिथेच झालं होतं. माझ्या गाडीतला दोष माझ्या बोटाला लागला, आणि तो लागावा अशी व्यवस्था एका माणसाने केली.

पाइप घेतानाही तुमचंच ऐकलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर तसाच दिसणारा पाइप निम्म्याहून कमी भावात मिळत होता. तुम्ही फोनवर म्हणालात, रेडिएटरच्या पाण्याचं रबर तिथे चालत नाही, तेलाने फुगतं, सहा महिन्यांत पुन्हा तेच. तेल सोसणारंच रबर हवं. एम-सील, टेप हे शब्द काढू दिले नाहीत. पाइपसोबत त्याला जोडलेला एकतर्फी व्हॉल्व्हही बदलून घ्या म्हणालात. जुना व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून दाखवलात, दोन्ही बाजूंनी हवा जात होती. म्हणजे बूस्टची हवा थेट क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या खालच्या पोटात. टॅपेट कव्हरच्या कडेला तेल का झिरपतं, त्याचं उत्तर मी न विचारताच मिळालं.

प्लगचं मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण ही चूक अनेक टर्बो गाड्यांत सापडेल. गॅरेजने नवे प्लग टाकले होते, बीकेआर६ई-११. शेवटचा ११ म्हणजे गॅप, ठिणगीच्या दोन टोकांतलं अंतर, १.१ मिमी. टर्बो इंजिनात दाब वाढला की एवढं अंतर ओलांडायला ठिणगीला फार जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज देणाऱ्या जुन्या कॉइलला ते झेपत नाही आणि ३००० आरपीएमच्या पुढे झटके सुरू होतात. मग दोष कॉइलवर ढकलला जातो. तुम्ही आधी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्याला लावलीत आणि ब्लॉक ०१५ मध्ये मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये हुकलेले जाळ, मोजलेत. कॉइलबरोबर मिसफायर सरकला नाही, तेव्हा कॉइल निर्दोष. खर्च शून्य. मग साधे, ११ नसलेले प्लग आणून गॅप ०.७ ला बसवला. इरिडियमचे असतील तर गेज घुसवून गॅप करू नका, बारीक टोक मोडतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि तो पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा! प्लग त्याच्या टोकात खोचून आट्यांत फिरवायचा. वाकडा बसायला लागला तर पाइप घसरतो, हेडचे ॲल्युमिनियमचे आटे वाचतात. शेवटी टॉर्क पाना, ३० न्यूटन मीटर, इंजिन गार असतानाच.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचा दाब वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह तुम्ही अर्ध्या मिनिटात तपासलात: काढून पिस्टन आत दाबला, वरच्या नळीवर बोट ठेवलं, पिस्टन वरच राहिला. पडदा शाबूत. पेट्रोलचं प्रेशर आयडलला २.५ बार, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ३. पंप शाबूत.

टायमिंग बेल्टला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याला, मात्र तुम्ही हात लावला नाहीत. मी म्हटलं होतं, तुम्ही आहात तर तोही इथेच बदलून टाकू. तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. इंजिनाचं माउंट सोडावं लागतं, खालून जॅकने आधार द्यावा लागतो, आणि एक दात इकडचा तिकडे झाला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. “हे गाडी उचलणाऱ्या लिफ्टवरचं काम. पार्किंगमध्ये केलं तर मला रात्री झोप लागणार नाही.” कुठे थांबायचं हे सांगणारा कारागीर मला आधी भेटला नव्हता. वॉटर पंपाचं पातं प्लॅस्टिकचं असेल तर बेल्टबरोबर धातूचं घ्या, हे वहीत तुमच्याच अक्षरात आहे.

निघताना तुम्ही मजुरी सांगितलीत तेवढीच घेतलीत, ना कमी ना जास्त, आणि एका कागदावर यादी दिलीत. मला वाटलं झालेल्या कामाची. वाचलं तर वर लिहिलेलं: ‘बदलू नये’. खाली कॉइल ४, पंप, डायव्हर्टर, ईसीएम, टर्बो. टर्बोपुढे कंसात ‘शाफ्टला खेळ नाही, पाहिला’. पैसे कुठे घालवू नका हे लिहून देणाऱ्याच्या हातात गाडी काय, घराची चावीसुद्धा द्यावी.

आणि तुमच्याबरोबर त्या सकाळी किती भली माणसं आली! पंक्चरवाल्याने व्हॉल्व्हचे पैसे घेतले नाहीत, ‘टेस्टिंगला ना, घेऊन जा’ म्हणाला. वॉचमनने मीटर रूममधून वायर ओढून दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी नियमावर बोट ठेवायचं सोडून पोहे पाठवले. एक सरळ माणूस कामाला उभा राहिला की आजूबाजूचे आपोआप सरळ वागायला लागतात, हे मी त्या दिवशी पार्किंगमध्ये पाहिलं.

आज सकाळी पुन्हा ०३२ उघडला. इंजिन गरम, ९० अंशांवर. आयडल अधिक १, चालताना अधिक २. वहीत तारीख घालून लिहिलंय, येत्या रविवारी दाखवते. लिफ्टची वेळ दहाची मिळाली आहे, बेल्टचा सेट आणि धातूच्या पात्याचा पंप आणून ठेवलाय. तुमचा आरसा माझ्या टूलबॉक्समध्ये राहिलाय, तोही घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
कासारवडवलीची ताई