सुट्टीत शाळांची मैदाने पहाटे उघडा

महोदय,

परीक्षा संपल्यापासून माझा ९ वर्षांचा नातू मोबाईल घेऊन कूलरपुढे बसायचा तो थेट जेवायलाच उठायचा. 'बाहेर जा रे' म्हटलं की सूनबाई म्हणायची, "मामा, बाहेर ४२ डिग्री आहे." तिचं काही चुकत नव्हतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी १२ ते ४ मूल बाहेर सोडणं धोक्याचंच.

पण आमच्या उन्हाळ्याला सकाळही असते. मी ३१ वर्षं यंत्रमागावर काम केलं. रात्रपाळी सुटल्यावर घरी येताना अंगाला लागणारा गार वारा अजून आठवतो. मे महिन्यात इथं ६ च्या आत उगवतं आणि ८ पर्यंतचं ऊन सोसवतं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढं या वेळात सहज होतं. नातवाला गेल्या वर्षी चष्मा लागला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या की बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा त्रास कमी होतो. झाडाच्या सावलीतला उजेडही घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी त्याला साडेपाचला उठवू लागलो. शहाबादी फरशीचे ७ तुकडे आणि मागाखालच्या वाया गेलेल्या सुताचा घट्ट चेंडू, एवढ्यावर लगोरी सुरू झाली. पहिल्या दिवशी दोघंच होतो, आठवड्यात ११ मुलं झाली. घरून निघताना पाणी पिऊन निघायचं, खेळून आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. डोकं दुखतंय, मळमळतंय असं कुणी म्हटलं की त्याला लगेच सावलीत बसवायचं. यात हयगय नाही.

आमच्यात सगळ्यात जोरात पळते ती एक १० वर्षांची मुलगी. नळाला पाणी येतं त्या दिवशी मात्र ती येत नाही, हंडे भरायला थांबते. तिचा भाऊ येतो. आईबापांनी एवढं तरी पाहावं, पाणी दोघांनी भरलं तर दोघंही खेळायला येतील.

आता खेळायला जागा कुठली? गल्लीत पहाटेपासून दूधवाल्यांच्या आणि पाळीवरून सुटलेल्यांच्या गाड्या. आठ दिवसांपूर्वी एक मोटारसायकल मुलाच्या अगदी पायाजवळून गेली. घरापासून २०० पावलांवर एका शाळेचं मोठं मैदान आहे, कडेला कडुलिंबाची झाडं आहेत. सुट्टी लागल्यापासून फाटकाला कुलूप. विचारलं तर पहारेकरी म्हणाला, वरून आदेश नाही.

महापालिकेला आणि शिक्षण संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. १५ जूनपर्यंत मैदानं सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते साडेसात उघडी ठेवा. पाण्याचा माठ आम्ही ठेवू आणि रोज भरू. माणसाची अडचण असेल, तर सकाळचे दोन तास फाटकावर बसायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार,
अशोक चौक परिसर, सोलापूर