सत्तावन्नचे पंच्याहत्तर

सांगली
३ जानेवारी २०२६

सम्या,

काल तू फोन ठेवलास आणि मला काही झोप लागेना, म्हणून हे लिहितोय. तू आधीच इतका रडकुंडीला आला होतास की माझं सांगायचं राहूनच गेलं. माझ्याही अर्जाच्या निबंधात चूक गेलीये भावा, आणि ती तुझ्या 'फ्रॉम'च्या जागी पडलेल्या 'फॉर्म'पेक्षा मोठी आहे.

तुला माहितीये मी कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या त्या ऑनलाईन सामाईक अर्जाच्या, मेन निबंधात २०१९ चा पूर लिहिलाय. आपण सहावीत होतो तेव्हा. खणभागातलं आमचं घर, भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ, स्विचबोर्डच्या चार बोटं वर, पप्पांनी दोनदा रंग मारला तरी पावसाळ्यात भिंतीला ओल आली की ती रेघ परत उमटते आणि आजी दर वेळी तिच्यावरनं हात फिरवते. हे सगळं ६५० शब्दांत बसवायला मी तीन आठवडे घासलेत. आणि परवा, १ तारखेला रात्री, डेडलाईन ११:५९ ची, नेट सारखं जातंय, पीडीएफ प्रिव्ह्यू उघडला पण वाचला कुठं, पॅरेग्राफ तुटले नाहीत ना एवढंच बघितलं आणि चार कॉलेजांना सबमिट करून टाकलं.

काल सकाळी आजी मटार सोलत बसलेली, म्हणाली काय लिहिलंस ते मला मराठीत सांग. मी वाचत वाचत सांगायला लागलो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ पंच्याहत्तर फुटांवर गेलं, असं म्हणालो आणि तिचा हात थांबला. "पंच्याहत्तर? सत्तावन्न होतं की रे." पोटात गोळाच आला माझ्या. स्क्रीनवर बघितलं तर खरंच ७५.

कसं झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. आपण सत्तावन्न म्हणताना सात आधी म्हणतो ना, मी डोक्यात मराठीत म्हणत होतो आणि बोटांनी तसंच टाईप केलं, आधी सात मग पाच. स्पेलचेकला आकड्यात काय कळणार, आणि इंग्लिशच्या मॅडमनी व्याकरण तपासलं, त्यांना तरी फूट कुठं माहीत असणार. धोक्याची पातळी ४५, पाणी गेलं ५७ च्या वर. अजून १८ फूट म्हणजे आमचं घर कौलांसकट बुडालं असतं, मग ती रेघ कुठली आणि भिंत कुठली. कुणी नेटवर सहज बघितलं तर म्हणेल पोरानं वाढवून सांगितलंय. मला नापास व्हायची एवढी भीती नाही वाटत सम्या, पण जे आमच्या घरात खरंच झालं तेच खोटं वाटेल, हे लय लागलं मनाला.

एकदा सबमिट झालं की त्या कॉलेजसाठी काही बदलता येत नाही, हे तुलापण माहितीये. म्हणून आज सकाळी चारही अ‍ॅडमिशन ऑफिसना तीन ओळींची मेल टाकली, की आकडा ५७ हवा, माझ्याकडून उलटा पडला, बाकी निबंध आहे तसाच. कारणं दिली नाहीत. एका ठिकाणचं ऑटोमॅटिक उत्तर आलंय, बाकीचे सुट्टीवर असतील. ५ तारखेची दोन कॉलेजं राहिलीत, त्यांच्यासाठी मात्र निबंध एडिट करता येतो, तो केला, आणि या वेळी आजीला पूर्ण वाचून दाखवूनच पाठवणार.

आता तुझं. तू मेल करू नकोस. मी खूप विचार करून सांगतोय. माझ्या चुकीनं अर्थ बदलतो, तुझ्या चुकीनं नाही बदलत. वाचणारा माणूस 'फॉर्म' बघून 'फ्रॉम'च वाचेल आणि पुढं जाईल, त्याच्यासमोर तुझे मार्क आहेत, सरांचं शिफारसपत्र आहे, दहावीपासूनचं सगळं आहे. एका अक्षरासाठी मेल केलीस तर उलट त्याला ते अक्षर बोट दाखवून सांगितल्यासारखं होईल. तू आजोबांच्या भट्टीवरचं लिहिलंयस ना, पहाटे कंदी पेढ्यांचा खवा भाजताना त्याचा रंग बदलतो तेव्हा आजोबा वासावरनं ओळखतात, ते वाचून मला तुमच्या दुकानामागची ती काळी झालेली भिंत दिसली रे. ती चूक मला पहिल्यांदा वाचताना दिसलीसुद्धा नव्हती, आणि मी दोनदा वाचलाय.

तू काल म्हणालास की सारखं उघडून बघतोयस, रात्री तीन वाजतापण. ते बंद कर. आईला सांगून लॅपटॉप बाजूला ठेव दोन दिवस. आपल्या या रेग्युलर फेरीच्या अर्जांचे निकाल मार्च संपता संपता येतात, तोपर्यंत असं जागून कसं चालेल, फेब्रुवारीत बारावी पण आहे.

तुझं एकच कॉलेज राहिलंय ना? सबमिट करायच्या आधी तो निबंध मला पाठव, उद्या रात्री नऊला फोन कर, मी तुला मोठ्यानं वाचून दाखवतो, मग तू मला माझा वाचून दाखव. आकडे मराठीत म्हण.

तुझा,
पंक्या